हॉकीत खेळाडू चांगला खेळला हे ओळखायचं कशावरून? (गोल सोडून बोला)

खडकीचा_राइट_हाफ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

मी खडकीत वाढलो, तिथल्याच मातीच्या मैदानांवर राइट हाफ, म्हणजे उजवीकडे फॉरवर्ड आणि डिफेन्सच्या मधे, खेळलो. आता वय ५८. खेळणं थांबलं, पण पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर मॅच असली की जातोच आणि सोबत एक वही असते. गेली सहा वर्षं लिहितोय, टीव्हीवरच्या मॅचही लिहितो. वहीत गोलांचा रकाना सगळ्यात शेवटी आहे, कारण गोल कोणी मारला ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतंच.

आता पॅरिस ऑलिंपिक २०२४ चं बघा. भारताने आठ मॅचमध्ये एकूण १५ गोल केले, त्यातले १० एकट्या कॅप्टन हरमनप्रीतचे. सात पेनल्टी कॉर्नरवर (डीमधल्या फाउलनंतर बेसलाइनवरून बॉल देऊन मारायचा फटका) आणि तीन स्ट्रोकवर (समोर फक्त गोलकीपर असताना मारायचा फटका). बेल्जियमची मॅच सोडली तर प्रत्येक मॅचमध्ये त्याचा गोल आहे. न्यूझीलंडविरुद्ध ५९ व्या मिनिटाला, अर्जेंटिनाविरुद्धही ५९ व्या मिनिटाला, ब्राँझच्या मॅचमध्ये स्पेनविरुद्धचे दोन्ही त्याचेच. माणूस मोठाच आहे, वाद नाही.

पण हे सात कॉर्नर मिळवले कोणी? कुणीतरी डावीकडून बेसलाइनने डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात घुसला, मान वर करून बघितलं, डिफेंडरचा पाय दिसला आणि बरोबर त्या पायाला बॉल लावला, कारण तिथे पायाला बॉल लागला की कॉर्नर मिळतो. ते कौशल्य आहे हो, योगायोग नाही. स्क्रीनवर मात्र 'भारत – पेनल्टी कॉर्नर ५' एवढंच येतं. टीमचा आकडा. ज्याने काढला त्याचं नाव कुठेच नाही. क्रिकेटमध्ये साधी लेगबायसुद्धा वेगळी लिहितात आणि आपल्या खेळात मॅच जिंकून देणारी गोष्ट निनावी राहते.

दुसरं उदाहरण आपल्या डिफेन्समधल्या अमित रोहिदासचं. आपल्यावर कॉर्नर पडला की पहिला रशर (गोलमधून पुढे धावून कॉर्नर अडवणारा) म्हणून तो फ्लिकरच्या (कॉर्नरवर गोलकडे बॉल मारणाऱ्याच्या) अंगावर धावत जातो, गुडघ्याला बॉल बसेल याची पर्वा न करता. पॅरिसला क्वार्टरफायनलमध्ये ब्रिटनविरुद्ध त्याला रेड कार्ड मिळालं, सेमीफायनलला तो निलंबित आणि जर्मनीने आपल्याला ३-२ ने घालवलं. रोहिदास असता तर फायनल खेळलो असतो असं मला आजही वाटतं.

तर प्रश्न असा की गोल बाजूला ठेवा आणि सांगा, तुम्ही खेळाडूचं मोजमाप कशावर करता?

चर्चगेट_लोकल

पहिला!

छान धागा काका. मी महिंद्रा स्टेडियमला कॉलेजपासून जातोय. माझं मोजमाप सोपं आहे, बॉल गेल्यावर तो काय करतो. बॉल गेला की दोन हात कमरेवर ठेवून उभा राहणारा फॉरवर्ड मला चालत नाही, भले त्याने दोन गोल मारलेले असोत.

झुणका_भाकर

हे लग्नालाही लागू आहे. 😀

धुळ्याची_मावशी

मला एवढ्या खोलात कळत नाही पण टोकियो ऑलिंपिकला आपल्या मुली चौथ्या आल्या त्या दिवशी मी स्वयंपाक अर्धा टाकून रडले होते. ब्रिटनशी ४-३. त्या मुलींना आकड्यांत कसं बसवणार तुम्ही?

आकडेमोड

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि हॉकी बघते ती वडिलांमुळे. मावशी, बसवता येतं, आणि आदर कमी न करता.

आधी कॉर्नरबद्दल बोलते. आपल्याकडे फ्लिकर एका स्पर्धेत देव आणि पुढच्या स्पर्धेत खलनायक. २०२३ चा वर्ल्ड कप भुवनेश्वर-राउरकेलाला झाला, न्यूझीलंडशी ३-३ आणि शूटआउटमध्ये आपण बाहेर. कॉर्नर मिळत होते, आत जात नव्हते. हरमनप्रीत संपला असं किती जण म्हणाले आठवा. त्याच वर्षी हांगझोऊला एशियन गेम्सचं सुवर्ण, फायनलला जपानला ५-१, आणि पुढच्या वर्षी पॅरिसचे ते १० गोल. माणूस तोच, मनगट तेच.

साधं गणित करू. समजा एखादा फ्लिकर सरासरी चार कॉर्नरमध्ये एक गोल करतो, म्हणजे चांगलाच म्हणायचा. त्याला ओळीने आठ कॉर्नर मिळाले आणि एकही आत गेला नाही, असं निव्वळ नशिबाने किती वेळा होईल? पाऊण गुणिले पाऊण असं आठ वेळा करा. उत्तर सुमारे ०.१०. म्हणजे दहात एकदा! काहीही बिघडलेलं नसताना, फॉर्म उत्तम असताना. दोन मॅच बघून 'याला काढा' म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा कागदावर करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खडकीचा_राइट_हाफ

ताई, काय सुरेख समजावलंत! हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो.

टोरंटोकर

काका, माझे दोन पैसे बर्फावरून. मूळचा सांगलीचा, इथे येऊन १४ वर्षं झाली आणि आता मुलासोबत आइस हॉकीचं वेड लागलंय. इथली टीम मेपल लीफ्स, १९६७ नंतर स्टॅन्ले कप नाही तरी लोकांची माया तसूभर कमी झालेली नाही.

तुमचा प्रश्न इथे या लोकांनी आधीच विचारून झालाय. बफेलो सेबर्सचा जिम कोर्सी म्हणून गोलकीपर कोच होता. आपल्या गोलकीवर खरा ताण किती येतो हे बघायला तो फक्त अडवलेले शॉट न मोजता गोलकडे मारलेला प्रत्येक शॉट मोजायचा, बाहेर गेलेला पण आणि मधे डिफेंडरने अंगावर घेतलेला पण. पुढे लोकांच्या लक्षात आलं की हाच आकडा दुसऱ्या बाजूने बघितला तर पक (आइस हॉकीतली चकती) कुठल्या टीमकडे जास्त होता ते समजतं. मग एखादा खेळाडू बर्फावर असताना आपल्या टीमचे शॉट किती आणि समोरच्यांचे किती याची टक्केवारी काढायची. त्यालाच कोर्सी म्हणतात. गोल फार कमी होतात म्हणून गोलांवरून माणूस कळायला वेळ लागतो, शॉट भरपूर असतात म्हणून लवकर कळतो, एवढीच त्यामागची कल्पना.

अजून एक आहे, पीडीओ. टीमच्या शॉटपैकी किती टक्के आत गेले अधिक आपल्या गोलकीने किती टक्के अडवले. लीगमधल्या सगळ्या टीमची मिळून सरासरी १०० येते. कुणाची १०३ झाली की जाणकार म्हणतात थांबा जरा, ही टीम खाली येणार, आणि बहुतेक वेळा येतेच. आकडेमोड ताई म्हणतात तेच, फक्त उलट्या बाजूने.

आपल्या हॉकीत शॉटऐवजी सर्कल एंट्री घ्यावी असं मला वाटतं. अमुक खेळाडू मैदानात असताना आपण त्यांच्या डीमध्ये किती वेळा शिरलो आणि ते आपल्या डीमध्ये किती वेळा शिरले.

शिट्टी_वाजली

मी जिल्हा पातळीवर अंपायरिंग करतो. टोरंटोकर, कल्पना चांगली आहे पण एक अडचण सांगतो. मैदानी हॉकीत बदल्या अमर्याद आहेत, रोलिंग सब्स्टिट्यूशन. फॉरवर्ड काही मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येतो, परत जातो. १५ मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये कोण कधी आत आणि कधी बाहेर हे आम्हाला मैदानावर उभं राहून लक्षात ठेवता येत नाही, तर टीव्हीसमोर बसलेल्याने कसं लिहायचं? आणि कोण किती मिनिटं खेळला हेच माहीत नसेल तर दोन फॉरवर्डची तुलना करायची कशी. एकाने ४० मिनिटांत तीन कॉर्नर काढले आणि दुसऱ्याने २२ मिनिटांत तीन, तर दोघे सारखे नाहीत ना.

राष्ट्रीय टीमकडे हे सगळं असतं. पाठीवर जीपीएसची बनियन असते, किती पळाला, किती वेळा जोरात पळाला, सगळं बेंचवर लॅपटॉपमध्ये दिसतं. व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट वेगळा. फक्त ते आपल्यासारख्या प्रेक्षकापर्यंत पोचत नाही.

मोडेन_पण_वाकणार_नाही

सगळ्यांचं वाचलं आणि मला हे अजिबात पटलेलं नाही.

खडकीकर काका, तुमच्याच खडकीचा धनराज पिल्ले. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, १९९८ ला बँकॉकला एशियन गेम्सचं सोनं, कॅप्टन तोच. धनराज बॉल घेऊन निघाला की स्टेडियममधली माणसं आपोआप उभी राहायची, शेजारचा अनोळखी माणूस तुमचा हात धरायचा. ते कुठल्या रकान्यात लिहिणार? त्याला बघून किती पोरांनी हातात स्टिक घेतली त्याचं काय? हॉकी डोळ्याने बघायची आणि काळजाने समजायची. तुम्ही लोक त्याचं वाणसामान करून टाकाल.

आणि दुसरं, रोहिदासचा मुद्दा. ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला तो गेला. नंतर जवळजवळ ४३ मिनिटं दहा जणांनी काढली. त्या ४३ मिनिटांत ब्रिटनचा एकही कॉर्नर आत गेला नाही, त्यांचा एकमेव गोल ली मॉर्टनचा, तो मैदानी, म्हणजे चालू खेळातला. म्हणजे रोहिदासशिवायही आपण कॉर्नर अडवलेच. आणि जर्मनीचे तीन गोल बघा, पिलाटचा कॉर्नरवर, रूरचा स्ट्रोकवर आणि शेवटचा ५४ व्या मिनिटाला मिल्टकाऊचा खेळातून. कॉर्नरचा गोल तीनातला एक. मग रोहिदास असता तर फायनल खेळलो असतो, हे कुठल्या वहीतून आलं?

झुणका_भाकर

काका, कॉर्नर पडलाय, रशर पाठवा!

पॅडवाला_गोलकी

वा, आता धागा तापला.

मी क्लबला गोलकी होतो म्हणून एक बाजू मांडतो. गोलकीचं मोजमाप सेव्हवरून करतात, त्यासारखी फसवी गोष्ट नाही. उत्तम गोलकीला कधीकधी सेव्ह करावेच लागत नाहीत, कारण तो मागून सतत ओरडत असतो. 'डावा घे', 'मागे ये', 'सोड त्याला, मी आहे.' त्या ओरडण्याने जो शॉट लागलाच नाही तो कुणी मोजत नाही. शिवाय अडवल्यावर बॉल गेला कुठे? पॅडवर लागून परत डीच्या मध्यात आला तर तो सेव्ह अर्धाच. बाजूला, रिकाम्या जागेत मारला तर पूर्ण.

टोकियोच्या ब्राँझच्या मॅचचं शेवटचं दृश्य सगळ्यांना आठवत असेल. १-३ ने मागे पडून आपण ५-४ वर आलेलो, सहा-सात सेकंद उरलेले आणि जर्मनीला कॉर्नर. ऑलिंपिक पदकाची ४१ वर्षांची वाट त्या एका कॉर्नरवर येऊन थांबलेली. आपला गोलकी श्रीजेशने अडवलं आणि नंतर गोलच्या खांबावर चढून बसला. आकड्यांत तो फक्त एक सेव्ह आहे, पहिल्या क्वार्टरमधल्या सेव्हइतकाच. म्हणून वाकणार नाही भाऊ, अर्धं मी तुमच्या बाजूने आहे.

पण अर्धंच. दहा जणांची ती ४३ मिनिटं निघाली ती नुसत्या काळजाने नाही. मनप्रीत मिडफिल्ड सोडून मागे डिफेन्सला आला. एखाद्याला कार्ड मिळालं तर कोण कुठे जाणार हे आधी ठरलेलं होतं, त्याचा सराव झालेला होता. असा सराव कुणीतरी आधी बसून, जुन्या मॅच बघून, मोजूनच ठरवतो.

अश्विनी_नागपूर

पिलाटचं नाव निघालं म्हणून सांगते, तो मूळचा अर्जेंटिनाचा. २०१६ ला रिओमध्ये अर्जेंटिनाकडून सुवर्ण जिंकला आणि नंतर जर्मनीकडून खेळायला लागला. कॉर्नर घेणाऱ्या माणसाला जगात कुठेही घर मिळतं.

अवांतर: जुन्या हॉकी इंडिया लीगमध्ये २०१६ पासून मैदानी गोलाला दोन गोल धरायचे आठवतंय का? मला तो नियम मनापासून आवडायचा. सगळ्या टीम कॉर्नर काढायच्या मागे न लागता खरंखुरं आक्रमण करायच्या.

चर्चगेट_लोकल

अश्विनी, मला अजिबात आवडायचा नाही. ३-० ने पुढे असलेली टीम दोन हल्ल्यांत मागे. स्कोअरबोर्ड बघून घरच्यांना समजावता समजावता माझी मॅच संपायची.

टोरंटोकर

नियम बदलला की खेळाडूची किंमत बदलते, हे मात्र त्यातून दिसलं. त्या दोन वर्षांत चांगल्या स्ट्रायकरचा भाव वाढायलाच हवा. लीगच्या २०२४ च्या लिलावात सगळ्यात महाग कोण? हरमनप्रीत, ७८ लाख. ड्रॅग फ्लिकर.

खडकीचा_राइट_हाफ

काल दिवसभर बाहेर होतो, आता निवांत बसून उत्तर देतो.

वाकणार नाही साहेब, रोहिदासचा मुद्दा तुम्ही बरोबर पकडलात. रात्री वही काढून बघितली, जर्मनीचे गोल तुम्ही म्हणता तसेच आहेत. तो नव्हता म्हणून हरलो असं सिद्ध होत नाही. जे म्हणालो ते मागे घेतो, आणि यापुढे 'वाटतं' आणि 'दिसतं' हे दोन वेगळ्या शाईने लिहीन.

पण धनराजचं नाव काढलंत म्हणून काळजातलं सांगतो. मी त्याला खडकीत पोरसवदा असल्यापासून बघितलंय. तो अंगावर आला की राइट हाफला काय होतं ते मला विचारा. केस उडतायत, बॉल स्टिकला चिकटलेला, आणि तुम्ही कुठल्या पायावर उभे आहात हे त्याला तुमच्याआधी माहीत. १९८९ ते २००४, ३३९ आंतरराष्ट्रीय मॅच. आणि एवढ्या मॅचमध्ये त्याने गोल किती केले याचा पक्का अधिकृत हिशोबच कुणी ठेवलेला नाही! गोलांचाच नाही, मग त्याने काढलेले कॉर्नर, दुसऱ्याला दिलेले पास यांचं काय बोलता. आज माझा भाचा विचारतो, मामा, धनराज खरंच एवढा मोठा होता का? मी काय दाखवू त्याला? माझ्या आठवणी दाखवू?

तुम्ही म्हणता मोजलं की वाणसामान होतं. माझा अनुभव उलटा आहे. न मोजल्यामुळे आपण आपलं सोनं हरवून बसलो. उभं राहिलेलं स्टेडियम मला कुठल्याच रकान्यात लिहिता येणार नाही, मान्य. पण त्या धावेनंतर कॉर्नर मिळाला की नाही, एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे होतं.

मोडेन_पण_वाकणार_नाही

काका, हे वाचून गप्प बसलो बराच वेळ. ३३९ मॅच आणि गोलांचा हिशोब नाही हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

डोळ्यांवरचा माझा विश्वास तसाच आहे. पण वही असू द्या.

फलटणचा_बाबा

बऱ्याच दिवसांपासून नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी १५ वर्षांची आहे, हॉकी खेळते. आमच्या तालुक्यातली वैष्णवी फाळके भारताकडून खेळते, तिला बघून आमच्याकडे मुलींमध्ये हे वेड आलंय, पहाटे पाचला उठून सायकलवर मैदानावर जातात. माझी मुलगी हाफ खेळते. मागच्या वर्षी एका निवड चाचणीला गेलो, तीन मॅच खेळली, मला वाटलं सुंदर खेळली. नाव आलं नाही. मी हिंमत करून विचारलं तर सांगितलं की बाकीच्या मुलींचे गोल आहेत, हिचा एकही नाही. साहेब, हाफच्या मुलीने गोल कुठून आणायचा? घरी येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली, मला काही बोलता आलं नाही कारण माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, बाप म्हणून चांगली खेळली म्हणणं त्याला कोण विचारतं.

हा धागा वाचून वाटलं की मीच वही केली तर? मला हॉकीतलं फार कळत नाही. काय काय लिहू?

आकडेमोड

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यात पाणी आलं. नक्की करा. रकाने फार ठेवू नका, नाहीतर लिहिताना मॅच सुटते. आणि एका मॅचवरून काही ठरवू नका, निदान आठ-दहा मॅचचं जमू द्या.

शिट्टी_वाजली

हाफसाठी: समोरच्याकडून बॉल किती वेळा काढून घेतला (फाउल न करता, ते महत्त्वाचं) आणि तिच्या पायाला लागून किती कॉर्नर गेले. चांगला हाफ डीमध्ये पाय वाचवतो.

पॅडवाला_गोलकी

आणि बॉल काढून घेतल्यावर पुढचा पास आपल्याच मुलीकडे गेला का. हिसकावून परत त्यांनाच दिला तर उपयोग नाही.

खडकीचा_राइट_हाफ

बाबा, वरच्या दोघांनी सांगितलं तेवढे तीन रकाने पुरे. आणि चौथा मी सांगतो, राइट हाफचा जुना हट्ट म्हणून: तिच्या बाजूने समोरची टीम डीमध्ये किती वेळा शिरली. मॅच पुढे गेली तसा हा आकडा कमी होत गेला तर समजा की ते तिची बाजू टाळायला लागलेत. चांगल्या हाफची खूण हीच, तिच्याकडे कुणी यायलाच बघत नाही. रेषा मारत जा, प्रत्येक क्वार्टरची वेगळी.

फलटणचा_बाबा

काल मॅच झाली. आयुष्यात पहिल्यांदा असं लिहिलं, मधे दोन वेळा पेन पडलं. बॉल हिसकावला ११ वेळा, त्यात फाउल २. पुढचा पास नीट गेला ७ वेळा. पायाला लागून कॉर्नर एक. तिच्या बाजूने शिरकाव पहिल्या क्वार्टरला ५, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला १, चौथ्याला १.

मॅच १-१ झाली. हिचा गोल नाही. रात्री जेवताना तिला वही दाखवली तर ती ताट सरकवून ते पानच बघत बसली आणि म्हणाली, बाबा, तो कॉर्नर माझ्या पायाला नाही लागला, स्टिकला लागलेला, खोडा.

शिट्टी_वाजली

खोडू नका हो, अंपायरने दिला म्हणजे दिला. 😄

आकडेमोड

५, ४, १, १! एकच मॅच आहे हे मीच सांगितलंय, तरी आज मला फार आनंद झालाय.

खडकीचा_राइट_हाफ

बाबा, तुमची पुढची मॅच कधी आणि कुठे ते कळवा. पुण्याहून फलटण काही लांब नाही, पहाटेची एसटी धरून येतो. तुम्ही तिच्याकडे बघा, कॉर्नर कोण काढतंय ते मी लिहितो.

फलटणचा_बाबा

पुढच्या रविवारी सकाळी ८ वाजता. मुक्कामालाच या काका. पोरींना सांगितलंय, खडकीचे राइट हाफ येणार आहेत.